शर्यतीतून बाद झालेला घोडा किनाऱ्यासाठी विकत घ्यावा का?

आपल्या प्रश्नाचा मथितार्थ असा. नागावजवळ आपले घरगुती पर्यटकनिवास आहे. मुंबईच्या शर्यतींतून बाद झालेला, खच्ची केलेला पाच वर्षांचा थरोब्रेड (शर्यतीसाठीच पैदास केलेल्या जातीचा) घोडा एका मध्यस्थाने आपल्याला दुभत्या म्हशीपेक्षाही कमी भावात देऊ केला आहे. सुट्टीच्या दिवसांत पर्यटकांना किनाऱ्यावर फेरी मारण्यासाठी आणि पुढे गावच्या घोडागाडी शर्यतीसाठी तो वापरावा, असा आपला विचार आहे. महाविद्यालयात शिकणाऱ्या आपल्या कन्येचे म्हणणे मात्र असे की, घोड्यांच्या शर्यती हीच मुळात क्रूरता आहे आणि असा घोडा विकत घेणे म्हणजे त्या क्रूरतेला हातभार लावणे. घोडा घ्यावा की नाही आणि मुलीचे म्हणणे बरोबर आहे की नाही, असे दोन प्रश्न आपण केले आहेत. पशुवैद्य म्हणून मी आधी शर्यतीच्या तबेल्यांत आणि नंतर रायगडच्या किनारपट्टीवर काम केले असल्यामुळे या घोड्यांची दोन्ही आयुष्ये मला जवळून पाहायला मिळाली आहेत. त्या आधारावर आधीच सांगतो की, आपण योजलेल्या दोन्ही कामांसाठी हा घोडा घेऊ नये, आणि कन्येचे म्हणणे बरेचसे बरोबर आहे, फक्त क्रूरता नेमकी कुठे आहे याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे.

शर्यतीच्या क्रौर्याचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा चाबूक येतो. तो आक्षेप खोटा नाही. घोड्याची कातडी जाड दिसली तरी अंगावर बसलेली माशी त्याला जाणवते आणि तेवढीच जागा थरथरवून तो ती उडवतो. अशा कातडीला चाबकाचा फटका लागत नसेल असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. नॉर्वेने 1982 मध्येच शर्यतीतल्या चाबकावर बंदी घातली आणि तिथल्या शर्यती त्यामुळे बंद पडल्या नाहीत. ब्रिटनमध्ये 2023 पासून सपाट मैदानावरच्या शर्यतीत जास्तीत जास्त सहा फटक्यांची मर्यादा आहे, आणि तिच्याहून चार फटके जास्त मारले तर घोडाच अपात्र ठरतो. परंतु चाबकाचा प्रश्न शर्यतीच्या शेवटच्या काही सेकंदांपुरता आहे. घोड्याचा उरलेला दिवस कसा जातो, हे प्रेक्षकांच्या सज्जातून दिसत नाही.

तो दिवस असा असतो. पहाटे तास-दीड तासाचा सराव, चालवणे, अंघोळ, मालिश, आणि मग उरलेले बावीस-तेवीस तास चार भिंतींच्या आत. घोडा हा कळपात राहणारा आणि दिवसाचे पंधरा-सोळा तास चरत हिंडणारा प्राणी आहे. त्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असते आणि ते शमवण्यासाठी सतत थोडा थोडा चारा पोटात जावा लागतो. शर्यतीच्या घोड्याला मात्र ताकदीसाठी ओट आणि हरभऱ्यासारखे दाणे जास्त आणि पोट हलके राहावे म्हणून गवत कमी दिले जाते. परिणामी सरावात असलेल्या शर्यतीच्या घोड्यांमध्ये जठरव्रणाचे प्रमाण इतके आहे की काही पाहण्यांत दहापैकी नऊ घोड्यांना तो आढळला आहे. दाराची कड दातांनी पकडून हवा गिळत राहणे, उभ्या जागी डावी-उजवीकडे डुलत राहणे, या सवयींना तबेल्यात ‘खोड’ म्हणतात आणि गळ्याला पट्टा बांधून ती मोडू पाहतात, पण बहुतेक वेळा ती कोंडून ठेवल्याची लक्षणे असतात. घोडा का अडला, भाकरी का करपली, विड्याचे पान का कुजले, या जुन्या कोड्याचे ‘न फिरवल्यामुळे’ हे उत्तर आपल्याकडे लहान मुलालाही पाठ असते, आणि त्यातल्या घोड्यापुरता भाग पशुवैद्यकाच्या दृष्टीनेही अक्षरशः खरा आहे.

पायांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि तिथे दोन्ही बाजूंचे लोक जरा सोपे बोलतात. थरोब्रेड घोड्याचे वय अधिकृतपणे 1 जानेवारीला वाढते, त्यामुळे एप्रिलमध्ये जन्मलेले शिंगरू कागदावर दोन वर्षांचे होते तेव्हा प्रत्यक्षात वीस-एकवीस महिन्यांचेच असते, आणि त्याच वर्षी त्याला धावण्यासाठी तयार केले जाते. गुडघ्याच्या वरच्या हाडाचे वाढीचे टोक त्या वेळी पुरते जुळलेलेही नसते. यावरून दोन वर्षांच्या घोड्याला पळवणे म्हणजे त्याचे पाय मोडणेच, असा निष्कर्ष काढला जातो. पण अभ्यास तसे सांगत नाहीत. कोवळ्या वयात मोजका, मोकळा व्यायाम मिळालेल्या घोड्याची हाडे उलट जास्त मजबूत होतात. घात होतो तो कोंडलेपण आणि अचानक वेग यांच्या जोडीने. चौखूर धावताना पुढच्या एका पायावर क्षणभर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीचपट भार येतो, म्हणजे साडेचारशे किलोच्या घोड्यात अकराशे किलोंहून अधिक. आणि गुडघ्याच्या खाली स्नायू जवळजवळ नसतात, सारा भार हाड आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) यांच्यावर पडतो. त्या भाराने हाडात सूक्ष्म भेगा पडतात. शरीर त्यांची डागडुजी करताना आधी खराब भाग काढून टाकते आणि नंतर नवा भरते, आणि या दोहोंच्या मधल्या काही आठवड्यांत हाड पूर्वीपेक्षाही कमकुवत असते. त्याच काळात हंगाम आहे, बक्षीस आहे, मालक फोनवर विचारतो आहे, म्हणून घोडा पुन्हा पळवला गेला की प्रेक्षकांना जो ‘अपघात’ दिसतो तो खरे तर कितीतरी दिवस आधी सुरू झालेला असतो.

असे मृत्यू अटळ नाहीत, हे मोजणी सुरू झाल्यावर सिद्ध झाले. अमेरिकेत 2009 पासून शर्यतीतल्या जीवघेण्या दुखापतींची पद्धतशीर नोंद होऊ लागली, तेव्हा दर हजार धावांमागे दोन घोडे मरत होते. 2019 मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता अनिता मैदानावर काही महिन्यांत तीसच्या आसपास घोडे मेल्यावर देशभर गदारोळ झाला, 2020 मध्ये तिथे संघराज्य पातळीवरचा कायदा झाला, आणि त्या कायद्याखालच्या मैदानांवर 2024 मध्ये हे प्रमाण हजारी 0.90 पर्यंत उतरले. शर्यतीआधी पशुवैद्यकाकडून तपासणी, वेदनाशामकांवर कडक बंधने, मैदानाच्या पृष्ठभागाची मोजणी, एवढ्या साध्या उपायांचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणजे जे अर्धे घोडे आता वाचतात ते पूर्वीही वाचू शकले असते. शर्यतीच्या समर्थकांना मी नेहमी हेच सांगतो की, प्रत्येक मृत घोड्याचा आकडा जाहीर करायला जो क्लब तयार नाही, त्याने घोड्यावरच्या प्रेमाची भाषा वापरू नये.

आपल्या कायद्याने या प्रश्नाकडे पाहिले ते वेगळ्याच दाराने. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला, तेव्हा वाद पैज लावणाऱ्याच्या कौशल्याचा होता, घोड्याच्या सोसण्याचा नव्हता. बैलांच्या बाबतीत मात्र 7 मे 2014 च्या निकालात प्राण्याच्या वेदनेचाच विचार केंद्रस्थानी होता आणि बैलगाडी शर्यती बंद झाल्या. ‘साहेबांचे घोडे महालक्ष्मीला पळतात आणि आमच्या बैलांना मात्र बंदी’ ही तक्रार त्या सात वर्षांत अलिबाग-मुरूडच्या प्रत्येक गावात ऐकू येत असे, आणि खरे सांगायचे तर तिच्यात तथ्य होते. फक्त तिचा रोख बैलांवरची बंधने उठवण्याकडे होता, घोड्यांवर बंधने आणण्याकडे नव्हता. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना अटींवर परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने या शर्यतींना मुभा देणारी राज्याची कायदादुरुस्ती वैध ठरवली.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. घोडा नीट सांभाळला तर पंचवीस वर्षे सहज जगतो. शर्यतीत तो साधारण दोन वर्षांचा असताना उतरतो आणि पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांचा वेग किंवा पाय संपलेला असतो. राहिलेली जवळजवळ वीस वर्षे त्याने कुठे काढायची, या प्रश्नाचे उत्तर शर्यतीच्या अर्थव्यवहारात कुठेच लिहिलेले नसते. निवडक माद्या आणि अगदी मोजके नर पैदाशीसाठी जातात, काही घोडे अश्वारोहण शाळांत रुळतात, आणि बाकीचे हातोहात विकले जात लग्नाच्या वरातीत, डोंगरावरच्या पर्यटनस्थळी किंवा आपल्या किनाऱ्यावर पोचतात. ऑस्ट्रेलियात निवृत्त घोड्यांचे पुनर्वसन करण्याचे नियम असतानाही 2019 मध्ये तिथल्या सार्वजनिक वाहिनीने शर्यतीचे घोडे कत्तलखान्यात जाताना दाखवले, कारण पहिल्या विक्रीनंतर कोण कुठे गेला हे कुणी पाहत नव्हते. ब्रिटनमध्ये 2000 सालापासून शर्यत उद्योगाच्याच पाठबळावर निवृत्त घोड्यांना नवे शिक्षण देणारी संस्था आहे. आपल्याकडे 1 ऑक्टोबर 2023 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तो चाळीस टक्के झाला. ज्या पैशातून सरकार एवढा हिस्सा घेऊ शकते त्यातून घोड्याच्या उतारवयासाठी एक-दोन टक्के कायद्याने बाजूला काढणे अशक्य आहे, असे मला वाटत नाही. शर्यती उद्याच बंद कराव्यात असे माझे म्हणणे नाही, कारण तबेल्यांत आज उभ्या असलेल्या घोड्यांचे काय करायचे याची सोय त्या मागणीत नसते. पण ज्याने घोड्याच्या चार वर्षांवर पैसा कमावला त्याच्यावर राहिलेल्या वीस वर्षांचा भार असलाच पाहिजे, आणि ही अट मान्य नसेल तर शर्यतीचे समर्थन मला करता येणार नाही.

या संदर्भात आपला सौदा पाहावा. आपण दिलेले पैसे बहुतांशी मध्यस्थाच्या खिशात जातील, त्यामुळे आपण शर्यतीला पैसा पुरवता असे म्हणता येणार नाही. कन्येचा मुद्दा दुसऱ्या बाजूने खरा ठरतो. आपल्यासारखे गिऱ्हाईक किनाऱ्यावर सहज मिळते म्हणूनच मूळ मालकाला निवृत्तीची तरतूद करावी लागत नाही. घोडा स्वस्त मिळतो याचे कारण त्याच्याबरोबर वीस वर्षांचा खर्च आपल्या गळ्यात येतो, आणि तो खर्च करण्याची ऐपत किनाऱ्यावरच्या धंद्यात नसते. घोडेवाल्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांची कमाई शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे महिना एवढ्यावर असते, पावसाळ्याचे चार महिने किनारा ओस पडतो, आणि घोडा मात्र बारा महिने खातो.

शिवाय या घोड्याला इथली हवा मानवत नाही. घोडा माणसासारखाच घामाने थंड होतो आणि दमट हवेत घाम वाळत नाही. अश्ववैद्यकात एक ढोबळ हिशेब आहे: फॅरनहाइटमधले तापमान आणि हवेतली टक्केवारी आर्द्रता यांची बेरीज दीडशेच्या पुढे गेली की कामात सावधगिरी बाळगावी आणि एकशे ऐंशीच्या पुढे काम देऊच नये. मे महिन्यात आपल्याकडे 33 अंश सेल्सियस म्हणजे सुमारे 91 अंश फॅरनहाइट आणि 75 टक्के आर्द्रता हा साधा दिवस असतो. बेरीज 166 होते. भारवाही जनावरांबाबतचे 1965 चे नियम तापमान 37 अंशांच्या वर गेल्यास दुपारी बारा ते तीन काम घेण्यास मनाई करतात, पण त्या नियमांत आर्द्रतेचा विचारच नाही, त्यामुळे कोकण किनाऱ्यावर कायदा पाळूनही घोडा कोसळू शकतो. त्यातून काही घोड्यांची घामाची क्रियाच अशा हवेत हळूहळू बंद पडते. नाकपुड्या फुललेल्या, श्वास भात्यासारखा आणि मानेवर हात फिरवला तर कातडी मात्र कोरडी ठणठणीत, अशा अवस्थेत माझ्याकडे आणलेले घोडे ‘आळशी झालाय’ या तक्रारीसह आलेले आहेत. थरोब्रेडमध्ये हा विकार विशेष दिसतो.

दुसरा शत्रू वाळू. घोड्याला किनाऱ्यावरच जमिनीवर चारा टाकला की प्रत्येक घासाबरोबर थोडी वाळू पोटात जाते आणि मोठ्या आतड्याच्या तळाशी साठते. तिची परीक्षा घरी करता येते. ताज्या लिदीचे पाच-सहा गोळे, जमिनीला न लागलेले, प्लास्टिकच्या लांब हातमोज्यात टाकावेत, पाणी भरून कालवावे आणि हातमोजा बोटे खाली करून टांगून ठेवावा. अर्ध्या तासात बोटांच्या टोकांना वाळू बसलेली हाताला खरखरीत लागते. वरसोलीच्या एका घोड्याच्या बाबतीत मधले बोट निम्म्याहून अधिक भरले होते आणि मालकाला ते बोट चिमटीत धरून दाखवेपर्यंत पोटशूळ कशाने उठतो हे पटले नव्हते. इसबगोल देऊन काही वाळू निघते, पण खरा उपाय गव्हाणीत चारा देणे आणि चारा पुरेसा देणे हाच आहे. इथे पुरेसा म्हणजे साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज सात ते नऊ किलो चांगले वाळलेले गवत; भाताचा पेंढा म्हणजे गवत नव्हे, त्याने पोट भरल्यासारखे दिसते पण पोषण होत नाही, आणि आपल्याकडे स्वस्तात मिळतो तो पेंढाच.

फेऱ्यांबाबत एक हिशेब ध्यानात ठेवावा. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाच्या वर जाऊ नये. उंचापुरा थरोब्रेड पाहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोचे गृहस्थ हौसेने वर बसतात. निरोगी घोड्याला ते वजन मर्यादेत असले तरी ज्याची कंडरा एकदा फाटली आहे त्याला कोरड्या, भुसभुशीत वाळूत ते सोसत नाही. शिवाय ज्याला आयुष्यभर मोकळे मैदान दिसले की सुटायचे एवढेच शिकवले आहे, त्याला पतंग, मोटारबोटींचे आवाज आणि पाठीवर किंचाळणारे मूल यांच्यात उभे करणे हे त्या मुलाच्या दृष्टीनेही धोक्याचे आहे. पर्यटकांसाठी घोडा हवाच असेल तर शांत स्वभावाचे देशी तट्टू पाहावे, त्यावर फक्त मुलांना बसवावे, आणि भर दुपारी ते सावलीत बांधावे.

घोडागाडी शर्यतीबद्दल मी अधिक स्पष्ट बोलतो. ओहोटीच्या वेळची ओली, घट्ट वाळू धावायला चांगली असते हे खरे, पण तिच्यात मधेच मऊ खळगे असतात आणि गाडीला जुंपलेल्या घोड्याला पाऊल चुकल्यावर सावरायला जागा नसते. बैलगाडी शर्यतीसाठी राज्याने केलेल्या नियमांत हजार मीटरची मर्यादा, पशुवैद्यकाचा दाखला, काठी-चाबकाला मनाई अशा अटी आहेत. ते नियम बैलांपुरते आहेत, घोड्याला त्यांचे संरक्षण आपोआप मिळत नाही. आयोजकांकडे परवानगी असेल तर ती कोणत्या प्राण्यासाठी आहे हे मूळ कागदावर वाचून पाहावे. आणि दंडाच्या भीतीने कुणी शहाणे होईल अशी आशा धरू नये, कारण 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये इतकाच आहे.

एवढे वाचूनही हा घोडा घरचा घोडा म्हणून, कमाईची अपेक्षा न ठेवता सांभाळण्याची आपली तयारी असेल, तर माझा विरोध नाही. उलट त्याच्या वाट्याला इतके चांगले आयुष्य क्वचितच येते. वाडीत फिरायला मोकळी जागा, पावसाळ्यात खूर कुजू नयेत म्हणून कोरड्या तळाचा गोठा, सोबतीला दुसरा घोडा किंवा निदान एखादी शेळी, सहा-सात आठवड्यांनी येणारा नालबंद, आणि पहिले सहा महिने पूर्ण विश्रांती एवढे त्याला लागेल. मानेतल्या सूक्ष्म चिपचा क्रमांक त्याच्या कागदांशी जुळतो का ते पाहावे. ग्लँडर्सची रक्ततपासणी झाल्याशिवाय तो आवारात घेऊ नये, कारण तो रोग माणसालाही होतो आणि घोडा बाधित निघाला तर कायद्याने त्याला मारावेच लागते. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते. सर्रा या रक्तातल्या परजीवीमुळे होणाऱ्या रोगाच्या तपासणीसाठीही त्याच वेळी रक्त द्यावे. मग पुढच्या दोन्ही पायांच्या मागच्या बाजूने गुडघ्यापासून खाली अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत कंडरा धरून हात उतरवत न्यावा: एका पायावर दुसऱ्यापेक्षा ऊब, जाडी किंवा बाहेर आलेला बाक लागला, किंवा दाबल्यावर त्याने पाय ओढून घेतला, तर निवृत्तीचे कारण आपल्याला सापडले असे समजावे. क्ष-किरण आणि सोनोग्राफी केल्याशिवाय तो पाय पुढे किती साथ देईल हे मी किंवा कुणीही सांगू शकणार नाही. दुखापत अशी निघाली की चालणेही कायम वेदनेचे राहील, तर पशुवैद्यकाच्या हातून शांतपणे मरण देणे हा पर्याय विक्रेत्यासमोर उघडपणे मांडावा. अशा घोड्याला आणखी एका गिऱ्हाइकाकडे ढकलण्यापेक्षा तो कमी क्रूर आहे.

शेवटची सूचना व्यवहाराची आहे. घोडा दाखवताना तो बहुधा लंगडणार नाही, कारण वेदनाशामकाचा डोस दिलेला घोडा दोन-तीन दिवस सरळ चालतो. म्हणून पैसे देण्यापूर्वी दहा दिवस कोणतेही औषध न देता तो आपल्या देखरेखीखाली राहील आणि त्यानंतर कठीण जमिनीवर दुडक्या चालीने चालवून पाहता येईल, अशी अट घालावी, आणि तपासणीसाठी आपण निवडलेलाच पशुवैद्य बोलवावा. मध्यस्थ ‘दुसरे गिऱ्हाईक उद्या रो-रो बोटीने येते आहे’ असे सांगून घाई करू लागला किंवा चिपचा क्रमांक द्यायला टाळाटाळ करू लागला, तर विसार म्हणूनही एक रुपया देऊ नये.